तीन सेकंदांचं प्रमाणपत्र

वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट किती वेळ पाहतात? मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षण-तज्ज्ञ बाईंनी हे प्रत्यक्ष मोजायचं ठरवलं. शेकडो पाठांच्या टेप त्यांनी ऐकल्या, त्यातला आवाज यंत्रानं कागदावर रेघेसारखा उमटवला आणि प्रश्न संपल्यापासून पुढचा शब्द येईपर्यंतची शांतता मोजली. ती सरासरी एक सेकंद निघाली. तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, बदलून विचारत, दुसऱ्या मुलाकडे वळत किंवा स्वतःच उत्तर सांगून पुढे जात.

मग रो यांनी काही शिक्षकांना तीन सेकंद थांबायची सवय लावली. बाकी काहीही बदललं नाही. पुस्तक तेच, मुलं तीच, फळा तोच. तरी मुलांची उत्तरं कित्येक पटींनी लांबली, 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली, आणि एरवी तोंड न उघडणारी मुलं बोलायला लागली. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती वाचताना मला दर वेळी चुटपुट लागते. ज्या मुलांना शिक्षक हुशार मानत, त्यांच्यासाठी ते जास्त वेळ थांबत, आणि ज्यांना कच्ची मानत त्यांच्यासाठी कमी. ज्याला विचार करायला वेळ हवा, त्यालाच तो मिळत नव्हता.

तीन सेकंद थांबणं हे कौशल्य आहे. ते शिकवता येतं, सराव करून अंगवळणी पाडता येतं, आणि आलं की नाही हे घड्याळ लावून तपासता येतं. पण आपल्या बी.एड.च्या गुणपत्रिकेत ते दिसायची सोय नाही. गुणपत्रिका सांगते, या उमेदवाराला अमुक विषयात शंभरापैकी अडुसष्ट. अडुसष्टांत काय आलं आणि उरलेल्या बत्तिसांत काय राहिलं, हे मुख्याध्यापकांना कळत नाही, आणि खरं तर त्या उमेदवारालाही कळत नाही.

शिक्षक होऊ घातलेल्यांच्या ऑनलाइन शिक्षणात सध्या ज्या मायक्रो-क्रेडेन्शियलची चर्चा जगभर चालू आहे, तिचं मूळ या अडचणीत आहे. मायक्रो-क्रेडेन्शियल म्हणजे एकाच, नाव घेऊन सांगता येईल अशा क्षमतेचं छोटं, स्वतंत्रपणे तपासलेलं प्रमाणपत्र. 'प्रश्न विचारून थांबता येतं', 'दोन इयत्ता एकाच खोलीत शिकवता येतात', 'मुलाच्या घरच्या भाषेतून प्रमाण मराठीकडे नेता येतं' अशी एकेक क्षमता, आणि तिच्यासोबत ती आल्याचा पुरावा. अमेरिकेत डिजिटल प्रॉमिस ही संस्था 2014 पासून शिक्षकांसाठी हे करते आहे. शिक्षकानं आपल्या वर्गातला पाठ, मुलांच्या कामाचे नमुने आणि स्वतःचं चिंतन पाठवायचं आणि परीक्षकानं ठरलेल्या निकषांवर ते तपासायचं. काही राज्यांत शिकवण्याचा परवाना नूतनीकरण करताना अशी प्रमाणपत्रं धरली जातात. युरोपीय संघानं 16 जून 2022 रोजी यासंबंधी शिफारस मंजूर केली. अशा प्रमाणपत्रावर काय काय लिहिलेलं असावं, याची त्यात यादी आहे आणि तीत 'तपासणी कशी केली' हेही आहे. मला ही नोंद फार मोलाची वाटते, कारण पुढचं सगळं त्या एका ओळीवर अवलंबून आहे.

रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत साच्यातून मूर्ती काढणारे हात वेगळे, रंगकामाचे वेगळे आणि डोळ्यांची आखणी करणारे आणखी वेगळे. आखणीला बसणाऱ्याकडे मूर्तिकलेची पदविका कोणी मागत नाही. त्याच्यापुढे मूर्ती ठेवतात, हातात ब्रश देतात आणि बघतात. दोन्ही डोळ्यांची नजर एकाच जागी आली, की तो आखणीचा कारागीर ठरला. बाकी सगळं त्याला यायलाच हवं असा आग्रह नसतो, पण जे येतं म्हणून तो सांगतो ते डोळ्यांदेखत उतरावं लागतं.

ज्यांनी डी.एड. किंवा बी.एड. केलं आहे, त्यांच्या मनात एव्हाना एक जुनी आठवण जागी झाली असेल. सूक्ष्म अध्यापनाची. 1963 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. सत्तरच्या दशकात बडोदा, इंदूर आणि एनसीईआरटी इथल्या अभ्यासकांनी तिला भारतीय रूप दिलं. त्याचं वेळापत्रक आजही छात्राध्यापकांना पाठ असतं: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण छत्तीस मिनिटं, आणि त्यात एकच कौशल्य. प्रश्न कौशल्य, चेतक बदल, फलक लेखन, प्रबलन, स्पष्टीकरण. वर्गमित्र मुलं बनून बसतात, एक जण निरीक्षण तक्त्यावर खुणा करतो, प्राध्यापक मागच्या बाकावरून पाहतात.

त्या छत्तीस मिनिटांचा जीव दुसऱ्या पाठात आहे. पहिल्या पाठात चुकलेलं त्याच दिवशी, त्याच कौशल्यावर, दुरुस्त करून पुन्हा करून पाहायचं. अशी संधी आपल्या शिक्षणव्यवस्थेत दुसरीकडे क्वचितच मिळते. पण पुढे काय होतं? तक्ते फाईलला लागतात, फाईल जमा होते, शेरा मिळतो आणि वर्ष संपल्यावर गठ्ठा कपाटात जातो. छात्राध्यापिकेला नेमकं काय करता येतं याची सगळ्यात बारीक नोंद त्या कपाटात असते आणि तिच्या हातात मात्र एकूण गुणांची पत्रिका येते. शिवाय तो सराव खोट्या वर्गावर असतो. पाचवीतली मुलं म्हणून समोर बसलेले तिचे मित्र तेवीस वर्षांचे असतात आणि त्यांना उत्तर आधीच माहीत असतं. तिथे तीन सेकंद थांबण्याचं महत्त्व कळणार कसं?

ते कळतं खऱ्या शाळेत. समजा, पेणची एक मुलगी शालेय आंतरवासितेसाठी रोहा तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत जाते आहे. दोन खोल्या, पहिली ते चौथी, म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता. समोर बसलेल्या मुलाची घरची बोली कातकरी. बाई प्रमाण मराठीत विचारतात, "सांग बरं, ओढ्याचं पाणी उन्हाळ्यात कुठे जातं?" त्या मुलाला आधी प्रश्नातले शब्द ओळखायचे आहेत, मग त्याला ठाऊक असलेला ओढा आठवायचा आहे, मग उत्तर जुळवायचं आहे आणि शेवटी ते शाळेच्या भाषेत आणायचं आहे. ओढा त्याला बाईंपेक्षा जास्त ठाऊक आहे. मार्चमध्ये कुठल्या खडकाखाली पाणी टिकतं हे तो दाखवू शकेल. पण बाई एका सेकंदात पुढच्या मुलाकडे वळल्या तर त्याच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' अशी खूण पडते, आणि अशा खुणा साठत गेल्या की तो मुलगा कच्चा ठरतो.

आता हीच मुलगी 'प्रश्नानंतरची प्रतीक्षा' या मायक्रो-क्रेडेन्शियलसाठी काम करत असेल तर तिला काय करावं लागेल? मोबाइल टेबलावर पालथा ठेवायचा आणि सहा मिनिटांचा पाठ ध्वनिमुद्रित करायचा. चित्रीकरणाची गरज नाही, आणि ते नकोच. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि कायदा नसता तरी वाडीतल्या मुलांचे चेहरे कुणाच्या तरी सर्व्हरवर का जावेत? आवाजातही मुलांची नावं येऊ न देण्याची काळजी घ्यायची आणि पालकांना विचारायचं. सहा मिनिटांचं बोलणं नीट दाबून साठवलं तर एका एमबीच्या आत बसतं. वाडीवर रेंज नसेल तर संध्याकाळी रोहा स्टेशनात गाडीची वाट पाहताना ते पाठवता येतं.

ध्वनिमुद्रणाची लहर मोबाइलच्या पडद्यावर पाहिली की प्रश्न उंचवट्यासारखा दिसतो आणि त्यानंतरची शांतता सपाट रेघेसारखी. रो यांना ज्यासाठी यंत्र बसवावं लागलं, ते आज कुठल्याही साध्या फोनवर फुकटच्या अ‍ॅपमध्ये दिसतं. ही मुलगी स्वतःच मोजेल: पहिला प्रश्न, पाऊण सेकंद. दुसरा, एक. तिसरा, अर्धा! आपण थांबतो असं तिला मनापासून वाटत होतं. मग ती पुन्हा पाठ घेईल, पुन्हा मोजेल, काय बदललं ते पानभर लिहील आणि दोन्ही ध्वनिमुद्रणं पाठवेल. पनवेलला रायगडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, पुण्याला शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षणाची राज्य परिषद आहे. तिथला कुणी अनुभवी निरीक्षक ते ऐकेल आणि कळवेल की चौथ्या प्रश्नाला छान थांबलात, पण उत्तर आल्या आल्या 'शाब्बास' म्हणालात, तिथेही थांबा, मुलगा अजून बोलणार होता. रो यांनी ही दुसरी प्रतीक्षाही मोजली होती, उत्तरानंतरची. ती पहिलीइतकीच तोकडी निघाली होती.

निकालात 'नापास' हा शब्द नसतो. 'अजून नाही' असतो, आणि पुन्हा पाठवता येतं. सूक्ष्म अध्यापनातला दुसरा पाठ इथे खऱ्या मुलांपुढे पोहोचतो.

हे सगळं झाल्यावर तिला जे मिळतं, ते कसं बनतं हे पाहण्यासारखं आहे. 2011 मध्ये मोझिलानं 'ओपन बॅजेस'ची कल्पना मांडली. दिसायला तो एक लहानसा चित्रबिल्ला असतो, पण त्या चित्राच्या फाईलमध्येच माहिती भरलेली असते: कुणी दिला, कुणाला दिला, कधी, कोणत्या निकषांवर, आणि पुरावा कुठे पाहायला मिळेल. नव्या पद्धतीत त्या माहितीवर डिजिटल सही असते. सगळा मजकूर एका गणिती क्रियेतून काढला की चौसष्ट अक्षरांचा ठसा तयार होतो. मजकुरात एक काना वाढवा, एक अनुस्वार पुसा, ठसा पार बदलतो. किती ठसे शक्य आहेत? ती संख्या लिहायला अठ्ठ्याहत्तर अंक लागतात. संस्थेकडे दोन किल्ल्या असतात. गुप्त किल्लीनं ती ठशावर सही करते आणि उघडी किल्ली सगळ्यांसाठी ठेवते. उघड्या किल्लीनं सही तपासता येते, पण नवी करता येत नाही. त्यामुळे शाळेच्या मुख्याध्यापकांना संस्थेला फोन लावून, पत्र पाठवून खातरजमा करत बसावं लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की सही खरी की खोटी हे काही क्षणांत समजतं.

हे दूरच्या कुठल्या प्रयोगशाळेतलं नाही. कोविडच्या लशीचं प्रमाणपत्र आपण सगळ्यांनी मोबाइलमध्ये जपलं होतं, त्यावरचा क्यूआर कोड याच जातीचा होता. शिक्षकांच्या ओळखीच्या 'दीक्षा'चा पायाही भारतात तयार झालेल्या मुक्त प्रणालीवर उभा आहे. दीक्षा 5 सप्टेंबर 2017 ला सुरू झाली. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे ती रायगडातल्या घराघरांत पोहोचली, आणि ऑक्टोबर 2020 पासून 'निष्ठा' प्रशिक्षणाचे ऑनलाइन अभ्यासक्रम तिच्यावर आले.

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. या अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहायचे, मजकूर वाचायचा, शेवटी बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे आणि सत्तर टक्के मिळाले की प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. त्यांतला आशय बऱ्याच ठिकाणी चांगला आहे. कोविडच्या काळात लाखो शिक्षकांपर्यंत तो पोहोचला, हे मोठंच काम झालं. पण बहुपर्यायी प्रश्नावरून 'प्रतीक्षा किती असावी' हे ठाऊक आहे एवढंच कळतं. थांबता येतं का, हे कळत नाही. आणि उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली की तेवढंही कळेनासं होतं. अशा प्रमाणपत्रांवर कितीही मजबूत डिजिटल सही केली तरी ती सही एवढंच शाबीत करते की कागद खरा आहे. मायक्रो-क्रेडेन्शियल नावाची गोष्ट या वाटेनं गेली तर छात्राध्यापकांच्या डोक्यावर आणखी पन्नास पीडीएफ येतील आणि वर्गातल्या त्या मुलाला अर्धा सेकंदही जास्त मिळणार नाही. मला ही भीती खरी वाटते, कारण तपासणी स्वस्त करायची ओढ सगळ्यांनाच असते.

प्रमाणपत्राची किंमत काय, या प्रश्नाशी पेण आणि रोहा या दोन तालुक्यांचं जुनं नातं आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्याला 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा जन्मले. बडोद्याला शिकत असताना त्यांनी आपली प्रमाणपत्रं आईच्या चुलीत घातली. राहू दिली असती तर बिघडलं काय असतं, असं आईनं विचारलं, तर नोकरी करायचीच नाही म्हणून ती नकोत, असं त्यांचं म्हणणं. 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्यांच्यापेक्षा चारच महिन्यांनी लहान असलेले चिंतामणराव देशमुख रोह्यात वाढले. 1912 च्या मॅट्रिकला ते पहिले आले, संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला शिकले आणि 1918 च्या आयसीएसमध्येही पहिले आले. पुढे 1956 मध्ये ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पदवी देण्याचा अधिकार कुणाला, हे त्याच वर्षीच्या आयोगाच्या कायद्यात कलम 22 मध्ये लिहिलेलं आहे. एकानं परीक्षेचे कागद चुलीत घातले, दुसऱ्यानं परीक्षांमागून परीक्षा जिंकून देशातल्या पदव्यांची घडी बसवणाऱ्या आयोगाची धुरा घेतली. पण प्रमाणपत्रं जाळणारे विनोबा शिक्षणाला पाठमोरे झाले नव्हते. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीमचा अभ्यासक्रम आखणाऱ्या झाकिर हुसेन समितीत ते होते, आणि हातानं केलेलं काम हाच त्या अभ्यासक्रमाचा गाभा होता. प्रत्यक्ष कामातून क्षमता दाखवायची, हा विनोबांचा आग्रह आणि तिला देशभर मान्य होणारं माप लावायचं, हे आयोगाचं काम. चांगल्या मायक्रो-क्रेडेन्शियलला दोन्ही सांभाळावं लागतं.

माप आता तयार आहे. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक धरला आहे. त्याआधी, जुलै 2021 मध्ये, श्रेयांक बँक सुरू झाली. विद्यार्थ्याचे श्रेयांक तिथे जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत वापरता येतात. स्वयम् या सरकारी मंचावरच्या अभ्यासक्रमांतून पदवीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा त्याच वर्षीच्या नियमांनी दिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 तर नोकरीतल्या प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवतं. म्हणजे आज छात्राध्यापिका म्हणून मिळवलेली क्षमता आणि उद्या नोकरीत मिळवायच्या क्षमता एकाच खात्यावर, सलग, साठत जाऊ शकतात. महाराष्ट्राला अशा तुकड्यातुकड्यांच्या शिक्षणाची सवयही आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झालं आणि पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळापासून नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांच्या सोयीनं त्याची आखणी झाली. नोकरी करता करता बी.एड. झालेले किती तरी शिक्षक तिथले आहेत.

मला आणखी एक साम्य दिसतं. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात, मुलंही सोबत जातात. अशा मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. मूल कुठल्या इयत्तेत होतं, कुठवर आलं होतं, हे त्यावर असतं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेतल्या बाईंनी त्याला तिथून पुढे शिकवावं. कार्ड नीट भरलेलं असेल तर त्या मुलाचं वर्ष वाचतं. त्यावर नुसतं 'इयत्ता तिसरी' लिहिलं तर नव्या बाईंना काहीच कळत नाही. 'हातच्याची वजाबाकी येते, जोडाक्षरं वाचताना अडतो' असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची ते कळतं. शिक्षकासाठीचं मायक्रो-क्रेडेन्शियल आणि त्या मुलाचं कार्ड, दोन्हींची उपयुक्तता अशा नेमक्या नोंदीत आहे.

उरतो प्रश्न ऐकणाऱ्यांचा. डी.एल.एड.च्या एका तुकडीत पन्नास विद्यार्थी धरतात. प्रत्येकानं चार क्षमता घेतल्या आणि प्रत्येक क्षमतेसाठी सहा-सहा मिनिटांचे दोन पाठ पाठवले, तर दोन हजार चारशे मिनिटांचं ध्वनिमुद्रण होतं. म्हणजे चाळीस तास. अभिप्राय लिहायला तेवढाच वेळ धरला तर ऐंशी तास. एका अख्ख्या तुकडीचं हे वर्षाचं काम दोन माणसांनी आठवडाभर रोज सहा तास दिले तरी होण्यासारखं आहे, आणि हा हिशेब मांडेपर्यंत मला ते अशक्य वाटत होतं. पेण आणि रोहा तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. कातकरी वाड्यांवर त्यांची हयात गेली आहे, मुलाच्या गप्प राहण्याचे प्रकार त्यांना कानानं ओळखता येतात. त्यांना निकषांचं प्रशिक्षण द्यावं लागेल, दोन निरीक्षकांचे निर्णय जुळतात की नाही हे अधूनमधून तपासावं लागेल, आणि मानधनाची तरतूद करावी लागेल. शिवाय प्रमाणपत्राच्या फाईलमध्ये संस्थेच्या सहीशेजारी पाठ ऐकणाऱ्या निरीक्षकाचंही समर्थन नोंदवावं. ओपन बॅजेसच्या आराखड्यात 2.0 आवृत्तीपासून त्यासाठी जागा ठेवलेली आहे.